कोट घातलेले तात्या

तात्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही एक पुस्तिका काढली. सोळा पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर रंगीत फोटो, नाव ‘वटवृक्ष’. (अशा पुस्तिकांना वटवृक्ष, दीपस्तंभ किंवा आधारवड यांपैकी एक नाव द्यावंच लागतं.) मजकूर सगळा माझा. घरात मराठी घेऊन बी.ए. झालेली मी एकटी, शिवाय शाळेत शिकवते, त्यामुळे काम आपसूक माझ्याकडे आलं आणि मी ते हौसेनं केलं. भावकीत, आमच्या सोसायटीत, माझ्या शाळेत प्रती वाटल्या. फोन आले. एक बाई वाचून रडल्या म्हणे. त्यानंतरच्या दिवसांत त्या सोळा पानांतलं काय काय खरं नाही ते मला कळत गेलं. काही चुका छापखान्याच्या होत्या, त्या सोडून देते. बाकीच्या माझ्या.

मुखपृष्ठापासून सांगते. फोटोत तात्यांच्या अंगात निळा कोट आहे, गळ्यात टाय आहे. तात्यांनी जन्मात कोट घातला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मूळ फोटो निवृत्तीच्या दिवशी डेपोत काढलेला. अंगात खाकी, छातीवर बिल्ला, गळ्यात झेंडूचा हार. चेहरा मात्र इतका प्रसन्न आला होता की दुसरा फोटो शोधायचं कारण नव्हतं. मी स्टुडिओवाल्याला म्हटलं, हार काढा आणि कपड्याचं काहीतरी करा. तो म्हणाला, “ब्लेझर टाकू?” त्याच्या कॉम्प्युटरवर कोट तयारच असतात, आपण रंग सांगायचा. मी निळा सांगितला. गळ्यापाशी, जिथं खाकी कॉलर होती, तिथं थोडं धुरकट दिसतं. पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

तात्या एसटीत कंडक्टर होते. १९७१ ते २००५. एवढं साधं वाक्य त्या सोळा पानांत कुठंही नाही. ‘राज्य परिवहन सेवेत प्रदीर्घ काळ कार्यरत’ असं आहे, ‘सन्मानाने सेवानिवृत्त’ असं आहे. हुद्दा नाही. मुद्दाम गाळला असं म्हणवत नाही, पण लिहिताना हात तिकडं गेलाच नाही हेही खरं. त्याला जुनी सवय कारणीभूत. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा कुणी विचारलं की मी ‘वडील एसटीत असतात’ एवढंच सांगून थांबायची. ऐकणारा आपल्या मनानं त्यांना डेपो मॅनेजर करून टाकायचा आणि मी करू द्यायची. शेजारच्या काकूंनी एकदा भाच्याच्या नोकरीसाठी तात्यांचा वशिला मागितला, तेव्हाही मी तोंड वर करून “विचारते हं” म्हणाले होते.

आत तिसऱ्या पानावर जन्मतारीख आहे, १ जून १९४७. ही चूक म्हणावी तर सरकारदरबारी सगळीकडे तीच नोंद आहे. त्या पिढीतल्या ज्या पोरांच्या जन्माची नोंद कुणी केली नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी जूनची एक तारीख टाकली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय हिशेबात बसायचं, काम संपायचं. आजही कुठल्याही निवृत्तांच्या मेळाव्यात वाढदिवस विचारा, १ जूनवाले हात वर करतील. तात्यांना ही तारीख आवडायची ती वेगळ्या कारणानं. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ला. “एसटी माझ्यापेक्षा वर्षानं धाकटी,” असं ते म्हणायचे. पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी बसवतात, म्हणून निवृत्ती ३१ मेला. त्यावरही त्यांचं म्हणणं असायचं की धाकटीच्या वाढदिवसाला त्यांना मुद्दाम बोलावलं नाही.

मी २०२२च्या १ जूनला पुण्यात हॉल घेऊन त्यांचा अमृतमहोत्सव केला. पंच्याहत्तर दिवे, औक्षण, माझं भाषण. तात्या खुर्चीत बसून होते, मधेच भावाला म्हणाले, “जेवायला किती वाजता आहे?” मी ते मायक्रोफोनवरून ऐकलं आणि रागावले. आता आई सांगते की त्यांच्या आईला तारीख माहीत नव्हती, पण पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पोटात कळा आल्या हे पक्कं आठवत होतं. पाल आमच्या कराड तालुक्यातच, तारळी नदीच्या काठाला, आणि तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं ते पौषात. म्हणजे जून नव्हेच. आई दर पौषात पुरणाचा नैवेद्य करायची, देवाला दाखवायची आणि त्याच ताटातल्या निरांजनानं तात्यांना ओवाळायची. मी हे लहानपणापासून पाहिलंय. खंडोबाच्या पूजेचाच तो भाग असतो असं मला वाटायचं. देवाला ओवाळल्यावर नवऱ्याला कशाला ओवाळतेस, हे मी कधी विचारलं नाही.

गुरुजींची तारीख त्यांना एकदाच कामाला आली. २०२२च्या ऑगस्टअखेर एसटीनं पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. तात्या पहिल्याच आठवड्यात आधार कार्ड घेऊन कराडहून पाटणला गेले आणि त्याच गाडीनं परत आले. कशाला गेला होतात विचारलं तर म्हणाले, “तिकीट बघायला.” शून्य रुपयांचं तिकीट. मशिनवरचं. त्यांच्या वेळी मशिन नव्हतं, पत्र्याचा ट्रे होता, दराप्रमाणे रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि भोक पाडायचा पंच. कुठल्या गठ्ठ्याचा कुठला नंबर चालू आहे ते टप्प्याटप्प्याला वेबिलावर लिहायचं आणि ड्युटी संपल्यावर डेपोत पैसे त्या नंबरांशी जुळवायचे. कमी भरले तर शॉर्ट, ते पगारातून. शून्य रुपयांचा गठ्ठा त्यांच्या ट्रेमध्ये कधी नव्हता. ते तिकीट त्यांनी पाकिटात ठेवलं होतं. शाई उडून कोरं झालं तरी.

२०२३च्या आषाढात तात्या गेले. दहावा प्रीतिसंगमावर झाला. दुपारी घरी पाहुण्यांची गर्दी होती. मी दारात उभी राहून कुणाला कुठं बसवायचं ते बघत होते. माझ्या सासरची माणसं यायची होती, माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. तेवढ्यात तीन बाप्ये आणि एक म्हातारी बाई आली. भिजलेली, पायांना तांबडा चिखल, एकाच्या खांद्यावर पोतं. “मास्तरांचं घर ह्येच न्हवं?” मी म्हटलं, मास्तर पुढच्या गल्लीत, पांढरं फाटक. ते बिचारे निघून गेले. पुढच्या गल्लीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. ते हयात आहेत, दारही त्यांनीच उघडलं. थोड्या वेळानं गुरुजी स्वतः छत्री धरून त्या चौघांना घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, ही तुमच्याकडची माणसं आहेत. मला बघून बसकणच मारली त्यांनी.”

आमच्या भागात खेड्यापाड्यांत कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी तात्यांबरोबर गाडीत बसले की ‘ओ मास्तर, सुट्टं द्या’ हे मी दर थांब्याला ऐकलंय. पण इतकी वर्षं हुद्दा मनातून पुसत आणला होता, त्यात तो शब्दही गेला असावा.

त्यांना मी चहा दिला आणि अंगणातल्या मांडवात बसवलं. पोत्यात हातसडीचे तांदूळ होते, ते आईनं आत नेले. म्हातारी आईशी बराच वेळ बोलली. मी सासरच्यांच्या सरबराईत होते. ते कुठून आले, तात्या त्यांचे कोण, मी काही विचारलं नाही. पाच वाजता त्यांची परतीची गाडी होती. पुस्तिकेत त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं: ‘अंतिम दर्शनासाठी दूरदूरहून चाहते आले होते.’ अंतिम दर्शनाला ते आलेच नव्हते, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दहाव्याचंही त्यांना कुठल्यातरी ड्रायव्हरकडून कळलं.

पुस्तिका वाटून झाल्यावर तात्यांच्या जोडीचे ड्रायव्हरकाका आले. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी आईकडे कराडला होते. काकांनी पिशवीतून पुस्तिका काढली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, “पोरी, लिवलंयस झ्याक. पर ह्यो मानूस कोन?”

मला आधी ते विनोदानं म्हणतायत असं वाटलं.

काका पानं उलटायला लागले. एके ठिकाणी मी ‘मितभाषी’ लिहिलं होतं. “मितभाषी? गाडीत त्येच्या तोंडाला खीळ नव्हती. मला म्हनायचा, तू म्होरं बघ, मागचं मी बघतो. मागं समदी गाडी हसत असायची.” माणसांच्या नकला करायचे म्हणे. चढताना प्रत्येक बाई पिशवी आधी कशी टाकते, सरपंच तिकीट मागायच्या आधी खिसा कसा चाचपतो. घरी आम्ही पाहिलेले तात्या म्हणजे दुपारी दोनला येऊन जेवून झोपणारे तात्या. रात्री ड्युटी, सकाळी ड्युटी, मधे झोप. आई आम्हाला दबक्या आवाजात बोलायला लावायची. झोपलेला माणूस मितभाषीच असणार.

मग मुक्कामी गाडीचं निघालं. तात्यांची बरीचशी नोकरी मुक्कामाच्या ड्युट्यांवर गेली. कराडहून संध्याकाळी निघायचं, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण करत पुढं कोयनेच्या खोऱ्यात शिरायचं आणि आठच्या सुमाराला डोंगरातल्या शेवटच्या गावात गाडी उभी करायची. गावाचं नाव देत नाही, ती माणसं अजून आहेत. गाडी नेहमी उतारावर लावायची. बॅटरी दगा देणारी असली तर सकाळी गडगडत नेऊन चालू करता आली पाहिजे. उन्हाळ्यात दोघं गाडीतच बाकांवर झोपायचे, पावसाळ्यात भैरवनाथाच्या देवळात. त्या खोऱ्यातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पावसाळ्यात देवळात झोपणं म्हणजे काय ते सांगायला नको. अंथरूण-पांघरूण घरून न्यायचं. रात्रीचा भत्ता मिळायचा तो किरकोळ. पहाटे पाचला पहिला हॉर्न, साडेपाचला दुसरा, मग गाडी सुटायची. पहिल्या हॉर्नला गावात चुली पेटायच्या.

त्या गावाला तात्यांशिवाय कराड नव्हतं. कुणाची औषधाची चिठ्ठी, कुणाच्या रेडिओचे सेल, दहावीचा फॉर्म, चष्म्याची काडी, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या मंडळींची जागा, हे सगळं मास्तरांच्या जिम्मेवारीवर. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत कुणाचं पोर उठलं नसेल तर तात्या स्वतः दार वाजवायचे, आणि गाडी मिनिटभर थांबली तर काका घड्याळ बघायचे नाहीत. ती म्हातारी बाई, जिला मी पुढच्या गल्लीत पाठवलं, तिच्या घरी दोघांचं रात्रीचं जेवण असायचं. पैसे घ्यायची नाही, म्हणून तात्या तिला महिन्याचं किराणा सामान आणून द्यायचे आणि त्यातही ती चहा पावडर परत करायची.

“आनि मृदंग,” काका म्हणाले. मला समजेना. “देवळात भजन असायचं न्हवं, गुरुवारचं. मृदंगावर कोन असायचं?” मी आईकडं बघितलं. तिला माहीत होतं. लग्नाआधी त्यांच्या गावात वाजवायचे, पुढं घरात वाद्य नव्हतं, आणि ते घ्यायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. तात्या पुण्याला आमच्याकडे असताना जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायचे. एकसारखी, तासन् तास. माझ्या मुलाची बारावी होती. मी त्यांना सांगितलं होतं, तात्या, तेवढं ठकठक करणं बंद करा. त्यांनी लगेच बंद केलं, पुन्हा कधी केलं नाही.

पुण्याचं आलंच आहे तर तेही सांगते. पुस्तिकेत शेवटी ‘आयुष्याची संध्याकाळ लेकीच्या घरी सुखात घालवली’ असं वाक्य आहे. प्रत्यक्षात ते दोघं आमच्याकडे एकदाच काही महिने राहिले आणि दिवाळीच्या आत कराडला परत गेले. मला वाटायचं की चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे, जवळ बाग आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे, आणखी काय पाहिजे. तात्या सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचे ते थेट स्वारगेटला. बाकावर बसायचे. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं येऊन सांगितलं, “तुमचे वडील चौकशीच्या खिडकीपाशी उभे राहून लोकांना कुठली गाडी कुठं लागते ते सांगत होते. छान सांगतात.” तो कौतुकानं सांगत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिणार नाही. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं. पुढच्या आठवड्यात तात्या म्हणाले, शेताकडं बघायला पाहिजे. आमचं शेत वाट्यानं दिलेलं आहे, त्याकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

‘निवृत्तिवेतनावर समाधानी’ असंही एक वाक्य आहे. काकांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. एसटीतल्या माणसाला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. भविष्यनिर्वाह निधीची १९९५ची योजना असते. तात्या निवृत्त झाले तेव्हा पेन्शनीसाठी पगार साडेसहा हजारांपर्यंतच धरायचे, खरा कितीही असो, आणि त्या पेन्शनीवर महागाई भत्ता नाही. त्यांना महिन्याला दीड हजाराच्या आतबाहेर यायचे, आणि वर्षं उलटली तरी तेवढेच. मी आकडा कधी विचारला नव्हता. वाक्य दुसऱ्या एका पुस्तिकेतून उचललं होतं. ते ज्यांच्यावर होतं ते गृहस्थ पाटबंधारे खात्यात होते.

आता सातवं पान. त्या पानाचा मला सगळ्यात अभिमान होता. माझी चुलत बहीण ते वाचून म्हणाली होती की तुझ्यासारखं बालपण आम्हाला मिळालं नाही. मी लिहिलं होतं की मी पाचवीत असताना तात्यांनी आमच्यासाठी लांब रजा काढली. ते वर्ष १९८५-८६. सहामाहीनंतर ते घरीच होते. मला सायकल शिकवली ती तेव्हा, डेपोमागच्या मैदानावर. भावाला पाढे पाठ करून घेतले. रोज संध्याकाळी आम्हाला घेऊन संगमावर जायचे, येताना शेंगा. नोकरीपेक्षा मुलं मोठी मानणारा असा कुटुंबवत्सल पिता विरळाच, वगैरे.

काकांनी ते पान उघडं ठेवलं आणि चष्मा काढला. “रजा न्हवती ती. सस्पेंड हुता.”

आई मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

बाजाराचा दिवस होता. गाडी खचाखच भरलेली. लाईन चेकिंगवाल्यांनी जीप आडवी घालून गाडी थांबवली. ते आधी वेबिल ताब्यात घेतात, मग माणसं मोजतात, मग एकेकाचं तिकीट बघतात. काही माणसांकडे तिकीट नव्हतं आणि त्यांनी सांगितलं की पैसे दिलेत. मी काकांना म्हटलं, गर्दीत तिकीट फाडायचं राहिलं असेल. असं होतं की. टप्पा येऊन जातो, मागची माणसं राहतात. काका म्हणाले, “व्हतं तसं. पर ह्ये तसं न्हवतं. घेतलं हुतं त्यानं.” मी म्हटलं, एकदाच ना? ते म्हणाले, “मला दिसलं ते एकदा.”

चौकशी झाली. तोवर अर्ध्या पगाराचा निर्वाहभत्ता. नोकरी वाचली, पण वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि बरोबरीनं लागलेल्यांच्या मागं ते शेवटपर्यंत राहिले. त्यांनी पैसे का घेतले हे काकांना माहीत नाही. “त्यानं सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय. परत गाडीवर आला त्या दिशी म्हनला, चल. म्या गिअर टाकला.” पाचव्या पानावर मी ‘निष्कलंक सेवा’ लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलेलं नव्हतं. शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, बारीक.

त्यानंतर मी बरेच दिवस कारण शोधत होते. आजीचं आजारपण त्याच सुमाराला होतं का? आत्याचं लग्न? भावाच्या पायाचं प्लास्टर? मनातल्या मनात तारखा जुळवायचे, आणि दरवेळी उत्तर असं निघायचं की त्यात तात्या आणखीच मोठे दिसावेत. मग एकदा लक्षात आलं की मी पुन्हा स्टुडिओत बसून कोटाचा रंग निवडतेय. आईला विचारलं. ती म्हणाली, “झोप आता.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर तिनं मला दळण आणायला पाठवलं. एकोणपन्नाशीच्या बाईला. तिला कारण माहीत आहे हे नक्की, आणि ती ते सांगणार नाही हेही.

एक मात्र त्यातून सुटं झालं. अकराव्या पानावर आईबद्दल एक परिच्छेद आहे: ‘आईला गोधड्या शिवण्याचा छंद. जुन्या लुगड्यांतून तिनं साकारलेल्या रंगसंगती म्हणजे...’ पुढचं सांगत नाही. आई गोधड्या शिवायला लागली ती त्याच वर्षी, अर्धा पगार यायचा तेव्हा. लोकांची लुगडी, लोकांच्या गोधड्या, मजुरीनं. रात्री आम्ही झोपल्यावर कंदिलाशी बसायची, कारण दिवसा शेजाऱ्यांना कळलं असतं. पुढं पगार सुरू झाला तरी तिनं ते सोडलं नाही, त्यामुळे मला आठवतं ते दिवसाउजेडी अंगणात गोधडी पसरून बसलेली आई. त्याला मी छंद म्हटलं.

एक गोष्ट आता दुरुस्त करता येणार नाही. तात्यांच्या ट्रंकेत खिशात मावतील अशा छोट्या डायऱ्यांची चळत होती. तात्या गेल्यावर आवराआवरीत मी दोन-चार उघडून पाहिल्या. नावं आणि पैसे. ‘सुतार आबा ०.७५. धोंडूची सून १.२५. शाळेतली पोरगी, लाल रिबीन, ०.५०.’ मला वाटलं उधारीचे हिशेब. वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातल्या, रद्दीवाल्यानं त्यांचं वजन वेगळं केलंसुद्धा नाही. काकांना मी हे सहज बोलताना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. डोंगरातली माणसं विसरायची किंवा भिडेपोटी मागायची नाहीत. तात्या त्या डायरीत लिहून ठेवायचे आणि पुढच्या फेरीला ज्याचे त्याला द्यायचे. दिले की रेघ मारायचे. बाजाराच्या दिवशी पैसे घेऊन तिकीट न देणारा आणि लाल रिबिनीवाल्या पोरीचे पन्नास पैसे लिहून ठेवणारा माणूस एकच. मी या दोन गोष्टींचा मेळ घालायचा प्रयत्न सोडून दिलाय. मला आठवतंय ते एवढंच की काही नावांवर रेघ नव्हती.

पुस्तिका पुन्हा छापायची का, यावर भावाचं आणि माझं वाजलं. तो म्हणतो, झाकली मूठ राहू दे, वाटलेल्या प्रती कोण परत मागणार आहे, आणि नातवंडांना केस कशाला सांगायची. त्याचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. पण त्याला सायकल मैदानावर शिकवलेली आठवत नाही, तो दुसरीत होता. मी नवा मजकूर लिहून काढला. फोटो खाकीतला, हारासकट. पहिल्या ओळीत हुद्दा. त्या गावाला जाऊन म्हातारीला भेटून आले. तिनं मला ओळखलं. “तूच न्हवं का आमाला जित्या मास्तराकडं धाडलंवतंस?” असं सगळ्यांदेखत विचारून हसली आणि मग जेवल्याशिवाय सोडलं नाही.

छापायला देण्याआधी सगळं आईला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. केसचा भाग आला तेव्हा मी थांबले. ती म्हणाली, “वाच की.” वाचला. “राहू दे तसंच. झालं होतं ते. का झालं ते मात्र विचारायचं नाही, मी तुला दोनदा सांगितलंय.” मग पुढं गोधड्यांचं आलं, तेव्हा तिनं मला मधेच तोडलं.

“छंद म्हणे! मजुरी लिही. एका गोधडीचे अठरा रुपये. आणि त्या चावडीमागच्या बाईकडून दोन रुपये यायचे राहिलेत, तेही लिही.”